मधुभियांचं ‘पाहिलं’

गाडीचा एसी नीट चालेनासा झाला की माणूस मेकॅनिककडे जातो आणि म्हणतो, “गॅस भरून द्या.” इंदुरात प्रत्येक भैयाचा ‘भिया’ होतो; आमच्या मधुभियांसमोर असं म्हणायची सोय नव्हती. ते हातातला पाना खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “हवा कमी येते की थंडी कमी येते?”

समोरचा गोंधळायचा. “दोन्ही एकच ना भिया?”

“एकच कसं? हवा भरपूर आहे पण गार नाही, तर गॅसचं बघू. गार आहे पण हवाच येत नाही, तर गॅस काय करणार बिचारा? तो आत थंडगार बसलाय. त्याला बाहेर कोण आणणार, तुम्ही?”

मी गोंधळले नव्हते. मी भांडले होते.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मे महिन्यातली भर दुपार, इंदूरचं ऊन, आणि माझी पिकअप मधुभियांच्या दुकानासमोर उभी. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्या, त्यांच्यामागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक कॉम्प्रेसर, एक स्टूल आणि देवाच्या तसबिरीखाली लावलेले ब्रश. माझी मसाल्याची चक्की आहे. मिरची, धने, हळद आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन, हा माझा माल. राजवाड्याकडच्या शेव-नमकीनवाल्यांकडे तो मी स्वतः पिकअपने पोचवते. ड्रायव्हर ठेवून बघितले, एकही धड निघाला नाही. एसीची पिकअप कशाला हवी, असं नवऱ्यानं विचारलं होतं. त्याला म्हटलं, अंगातून वाफा माझ्या निघतात, तुझ्या नाही. वय अठ्ठेचाळीस होतं तेव्हा, ज्या बायकांना कळायचं त्यांना कळेल.

तर त्या एसीतून वारा येईना. आधी दुसऱ्या दोघा मेकॅनिकांनी दोनदा गॅस भरला होता. मी तापलेलीच होते. म्हटलं, “मला शाळा नका शिकवू. गॅस भरा आणि मोकळं करा.”

मधुभियांनी खिशात हात घातला. उंच, सडपातळ माणूस, साठीच्या अलीकडचा, खाकी शर्टाच्या खिशात कॅसेट. हो, गाण्याची जुनी कॅसेट. तिच्यातून त्यांनी तपकिरी रिबन ओढली, कात्रीनं चार वीत-वीतभर तुकडे कापले आणि डॅशबोर्डवरच्या चारही जाळ्यांना एकेक बांधला. मग पंखा पूर्ण सोडला. डावीकडच्या दोन रिबनी जरा हलल्या. उजवीकडच्या दोन तशाच लोंबत राहिल्या.

“बघा. दोन मेल्या आहेत, दोन आजारी आहेत.”

“मग गॅस...”

“ताई, नाक चोंदलेलं असताना बर्फाचा गोळा खाल्ल्यानं नाक उघडतं का?”

त्यांनी डॅशबोर्डचा खण काढला, त्याच्यामागचा पंखा काढला आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर लालसर-पिवळा लेप बसला होता, भिंतीला गिलावा करावा तसा. त्यात बोट फिरवून त्यांनी नाकाशी नेलं. “मिरची. धने. बेसन, ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यातलं असेल. आणि हे काय...” आतून त्यांनी एक अख्खं तमालपत्र काढलं, शेंड्याला धरून मला दाखवलं. “ताई, आत मसालेभात शिजतोय. फक्त तांदूळ टाकायचे राहिलेत.”

मी हसले. रागात आले होते आणि खो खो हसत स्टुलावर बसले. आमची ओळख ती अशी.

मग त्यांनी समजावलं. माझी गाडी जुन्या बनावटीची, तिला आत येणारी हवा गाळायची जाळीच नाही. बाहेरचं जे असेल ते सीधं आत. मी दिवसभर मिरचीची पोती चढवते-उतरवते, ती पूड पंखा ओढतो आणि गार नळ्यांवर ओल असते तिथे ती चिकटते. दरवर्षी उन्हाळ्याआधी हे धुवायला लागणार, दुसरा उपाय नाही. बोलता बोलता त्यांनी ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं ते सगळं सोडवलं, वाळू दिलं आणि शेवटी कॉम्प्रेसरची नळी घेऊन पंख्याच्या घरात हवा मारली.

लाल ढग उठला. मी तोंडावर पदर घेऊन रस्त्यापर्यंत पळाले, खोकून खोकून डोळ्यांत पाणी. मागे वळून बघते तर मधुभिया ढगाच्या मधोमध उभे, डोळे मिटलेले, नाक वर. “मिरची चांगली आहे हां ताई,” ते तिथून ओरडले. “डेख काढून दळता. वासाला कडूपणा नाही.”

बंद करण्याआधी त्यांनी पांढऱ्या मार्करनं पंख्याच्या घराच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. तारीख होती आणि पुढे एकच शब्द, ‘पाहिलं’.

“हे काय?”

“मी जे उघडतो त्यावर लिहितो. पुढच्या वेळी उघडलं की कळतं, इथे मी येऊन गेलोय.”

“मग हिंदीत लिहा की. दुसऱ्या मेकॅनिकला कसं कळणार?”

“हिंदी गिऱ्हाइकासाठी. हे माझं माझ्यासाठी आहे. परत उघडणार मीच ना?” ते म्हणाले. त्यात मिजास नव्हती, नुसती खात्री होती.

त्या दिवशी चारही रिबनी सरळ आडव्या फडफडत होत्या. मधुभियांनी त्या सोडल्या नाहीत. “राहू द्या. रिबन खाली आली की माझ्याकडे या. मला फोन करून ‘बहुतेक कमी वाटतंय’ असलं सांगायचं नाही.”

मग दरवर्षी मार्चमध्ये मी जायला लागले, आणि मधल्या काळातही काही ना काही निमित्त निघायचं. दुकानात मराठी बोलणारं गिऱ्हाईक आलं की त्यांना बरं वाटायचं. त्यांची मराठी आपल्या इंदूरची, म्हणजे अर्ध्या वाक्यात हिंदी शिरलेली. “ताई, जबरन घाई नका करू, इत्मीनानं होईल.” पुण्याची माझी नणंद एकदा बरोबर होती, ती गाडीत बसल्यावर म्हणाली, “ही कुठली मराठी?” मी म्हटलं, “ही कामाची मराठी. तुझ्या मराठीत एसी सुधारतो का?”

त्यांचं मीटर म्हणजे त्यांचं नाक. दुकानात दाबाची मीटरं होती, पण आधी नाक. एसी सुरू करून ते जाळीशी तोंड नेत आणि दीर्घ श्वास घेत. ओल्या फडक्याचा वास म्हणजे पाणी बाहेर जायची नळी तुंबली. गोडसर वास म्हणजे रेडिएटरचं पाणी गळतंय. करपट म्हणजे पंख्याची मोटर आता जाणार. एकदा त्यांनी माझ्या गाडीचा असाच श्वास घेतला आणि म्हणाले, “गाडी ठीक आहे. पण ताई, या वर्षी धने जुने घेतलेत तुम्ही.”

मला असा संताप आला! माझा माल, आणि हा एसीवाला मला धने शिकवणार? तणतणत चक्कीवर गेले, पोतं फोडलं, मूठभर धने चोळून हुंगले. जुने होते. व्यापाऱ्यानं मला चक्क बनवलं होतं. दुसऱ्या दिवशी जिरावनाची पुडी घेऊन त्यांच्या दुकानात गेले आणि ती स्टुलावर ठेवली. त्यांनी पुडी उघडून हुंगली आणि नुसती मान हलवली.

त्यांचा स्वभाव कळायला आणखी एक गोष्ट सांगते. एक निवृत्त प्राध्यापक सुनेबरोबर आले होते. सुनेची नवी गाडी, हे चालवत होते. दोन दिवसांपासून समोरून वारा येत नाही म्हणून सून कुरकुरत होती, आणि बाबांनीच काहीतरी बिघडवलं असणार असं तिचं म्हणणं. मधुभियांनी आत नजर टाकली. हवेचं बटण पायांकडे फिरलेलं होतं, एवढंच. सगळी हवा खाली पायांवर जात होती. मला तिथून दिसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. त्यांनी बॉनेट उघडलं, दहा मिनिटं इकडचा पाइप पूस, तिकडचा नट बघ, असं करत राहिले. मग आत बसून हळूच बटण फिरवलं. “झालं सर. आत झडप अडकली होती. गाडीचीच चूक, तुमची काही नाही.” म्हातारा एकदम ताठ झाला. सुनेकडे बघून म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?”

ते गेल्यावर मी म्हटलं, “खोटं बोललात.”

“झडप बटणानंच फिरते. फिरली नव्हती. खोटं काय त्यात?” आणि लागले कामाला.

एवढा हुशार माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र ठार अडाणी होता. तेच सांगायला बसले आहे खरं तर, बाकीचं ओघात आलं.

ते कॉम्प्रेसरनं धूळ उडवायचे, दिवसाला पाच-सहा गाड्यांची, आणि तोंडाला साधा रुमालही नाही. मला पहिल्या दिवसापासून ते बघवत नव्हतं. माझ्या चक्कीवरच्या बायकांना मी जाड, वाटीसारखे मास्क देते. मास्क नसेल तर चक्की सुरू करू देत नाही, त्यावरून मला मागे ‘हवालदारीण’ म्हणतात, म्हणू देत. एका मार्चमध्ये मी वीस मास्कांचा खोका मधुभियांच्या स्टुलावर आदळला. “घाला. माझ्या देखत घाला.”

“ताई, नाक झाकलं तर वास कसा कळणार?”

“वास घेताना काढा. धूळ उडवताना घाला.”

“हौ, घालतो.”

पुढच्या वेळी गेले तर एक मास्क कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला. कोरा, पांढरा, देवाला वाहिल्यासारखा. बाकीचा खोका गायब. “कुठे आहेत?”

“आहेत ना. कामाला लावलेत.”

“तोंडाला लावायला दिले होते!”

“कामालाच लावलेत ताई,” ते हसून म्हणाले, आणि तसेच विनामास्क पंख्याच्या घरात हवा मारायला लागले. मी बडबड बडबड बडबडले. पुढच्या मार्चला पुन्हा खोका नेला, त्याच्या पुढच्या मार्चलाही. दर वेळी तेच उत्तर. मला वाटायचं, कुणाला तरी वाटून टाकत असतील, नाहीतर त्यानं हात पुसत असतील. असला माणूस काय करेल सांगता येत नाही.

धुळीचं त्यांना कळत नव्हतं असंही नाही. त्यांचे वडील कापडाच्या मिलमध्ये होते, इंदूरला मिला होत्या तेव्हा. सुताच्या खात्यात. आयुष्यभर कापसाची धूळ ओढली. “आमच्या घरी घड्याळ नव्हतं,” मधुभिया एकदा म्हणाले. “दादा पहाटे खोकायला लागले की आई उठायची, आम्ही उठायचो. ते गेले तेव्हा आम्ही सगळे तीन दिवस उशिरा उठलो.” मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे ज्यानं बघितलंय तो माणूस मिरचीच्या ढगात उभा राहतो? मी तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, “ती दुसऱ्याची धूळ होती ताई. दादांना कुणी विचारलं नाही. ही माझ्या कामाची आहे.”

यात काय फरक आहे मला तेव्हाही कळला नाही, आताही कळत नाही. फुप्फुसांना तर मुळीच कळला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा खोकला सुरू झाला. कोरडा, टकटक असा. मग जिना चढताना थांबायला लागले, मग बोलताना. मी मागे लागून तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, आत हवा जायला जागा कमी राहिली आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं. धुळीचं काम आजपासून बंद.

बाहेर पायरीवर बसून मधुभिया म्हणाले, “मतलब गॅस भरून उपयोग नाही. जाळीच चोंदली आहे.”

मला रडू फुटलं. त्यांना नाही. मला राहून राहून एकच वाटत होतं की यांच्या छातीत जे बसलंय त्यात माझी मिरची आहे. सहा वर्षांची माझी मिरची. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, “अहो, सगळ्या शहराची आहे. तुमचीच निवडून कशी काढू?” एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबायला लागलं.

दुकान त्यांनी लगेच बंद केलं नाही. आणखी वर्षभर काम चाललं, ते स्टुलावर बसून सांगायचे आणि दुसरे करायचे. माझ्या गाडीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. मग तेही संपलं. घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आलं, नाकाशी नळी आली. मी भेटायला जायची तर हे मशीनलाच नावं ठेवत बसलेले. “ताई, याला मागे स्पंजची जाळी आहे. आठवड्याला धुवायची असते. कुणी धूत नाही, आणि मग म्हणतात मशीन खराब आहे.” ती जाळी ते स्वतः धुवायचे. खिडकीत वाळत घातलेली असायची. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, एकदा ती धुतली तर तीन दिवस गाल फुगवून बसले होते. वहिनी घरी शिवणाचं मशीन चालवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. एका खोलीत दोन मशीनं, एक शिवणाचं, एक श्वासाचं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना तपासणीला न्यायचं होतं. रिक्षात धूळ, म्हणून मी पिकअप घेऊन गेले. लहान सिलिंडर मांडीवर घेऊन ते पुढे बसले. बसल्या बसल्या रिबनींकडे बघितलं. नव्या बांधलेल्या नव्हत्या, त्यांनीच दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या, विटलेल्या. पंख्याच्या वाऱ्यानं त्या निम्म्याच उठत होत्या.

“ताई, खाली आल्यात.”

“येऊ द्या. तुम्हाला बरं वाटलं की बघू.”

ते हसले. मी रस्त्याकडे बघत राहिले.

परत येताना लालबागेपाशी आल्यावर म्हणाले, “नारळपाणी प्यावंसं वाटतं.” मला केवढा आनंद झाला! कित्येक दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. मी गाडी झाडाखाली लावली, एसी सुरू ठेवला आणि रस्ता ओलांडून गेले. नारळवाल्याकडे गर्दी होती. मग वाटलं, वहिनींसाठीही घ्यावं. वीसेक मिनिटं तरी गेली असतील.

आले तर मधुभिया सीटवर नाहीत. ते खाली, पाय ठेवायच्या जागेत गुडघ्यांवर बसलेले. डॅशबोर्डचा खण काढलेला. डोकं आत, सिलिंडर सीटवर, नाकाची नळी ताणलेली. श्वासाचा आवाज मला दाराबाहेर ऐकू येत होता. ओठ निळे पडले होते.

मी इतकी घाबरले की ओरडायलाच लागले. “तुम्हाला मरायचंच आहे का? मरा मग! पण माझ्या गाडीत नको! अक्कल आहे की नाही जरा?” रस्त्यावरचे लोक बघायला लागले. दोघांनी हात दिला आणि त्यांना वर बसवलं. मी रागानं खण जागेवर आदळला.

बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं. “हवा... बघत होतो ताई.”

“काही गरज नव्हती!”

त्यांनी बोट उचललं. चारही रिबनी आडव्या फडफडत होत्या. “आता वर्षभर... बघायला नको.”

“आणि मग? वर्षानंतर?” मी अजून रागातच होते.

ते डोकं मागे टेकून त्या रिबनींकडे बघत राहिले, घर येईपर्यंत. शर्टाच्या बाहीला काळं लागलं होतं, बोटाला मार्करचा पांढरा डाग होता. नारळपाणी प्यायलेच नाहीत. दारात वहिनींचा हात धरून उतरले आणि मला म्हणाले, “रागावू नका.” मी म्हटलं, “रागावणारच.” माझं त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तेराव्या दिवशी मधुभिया गेले.

वर्ष गेलं. या मे महिन्यात माझ्या रिबनी खाली आल्या. आधी मी तिकडे बघितलंच नाही. मग एक दिवस उजवीकडची हलेचना, तेव्हा देवास नाक्याकडच्या एका एसीवाल्याकडे गेले. चाळिशीचा, राजेश नावाचा, बोलायला चांगला. त्याला म्हटलं, “हवा कम आती है, ठंडक ठीक है.” तो म्हणाला, “आंटी, आप तो समझदार हो.” मला काय वाटलं ते माझं मलाच ठाऊक.

त्यानं खण काढला, पंख्याकडे जाणारी वाट उघडली आणि थांबला. “आंटी, ये क्या लगा रखा है? ये कंपनी का तो नहीं है.”

त्याच्या हातात एक चौकट होती. काळ्या प्लॅस्टिकची, हातानं कापलेली, मागून मैद्याच्या चाळणीची जाळी. तिच्यावर लाल-काळं पडलेलं जाड कापड ताणून बसवलेलं. मी बोटानं पूड झटकली. कापड नव्हतं. माझे मास्क होते. वाट्या कापून, सपाट करून, सहा-सहा एकमेकांना जोडलेले. शिवण बारीक, सरळ, पिकोची. सुमनवहिनींची.

कामाला लावलेत ताई.

मी गाडीचं दार धरून उभी राहिले. राजेशला वाटलं मला ऊन लागलं, त्यानं पाणी आणलं. “निकाल के फेंक दूँ? इसी से हवा रुक रही है. चार गुना आएगी.” आणि चौकट उलटी करून तो म्हणाला, “पीछे कुछ लिखा है. ये ‘पाहिलं’ क्या होता है?”

चौकटीच्या कडेला पांढऱ्या मार्करनं मार्च महिन्यांच्या तारखा होत्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे ‘पाहिलं’. वर्षातून एकदा ते जुनी गाळणी काढायचे, नवी घालायचे, मी समोर उभी राहून बडबडत असताना. मिरची माझ्या छातीत जाऊ नये म्हणून. शेवटची तारीख नारळपाण्याच्या दिवसाची होती. अक्षर खाली घसरत गेलेलं. तिच्यापुढे ‘पाहिलं’ नव्हतं. हिंदीत लिहिलं होतं. राजेशनंच मोठ्यानं वाचलं:

“भिया, इसको निकालना मत. नया लगाना. दीदी का मिर्ची का काम है.”

हिंदी गिऱ्हाइकासाठी, मराठी माझ्यासाठी, असं म्हणणारा माणूस तो. परत उघडणार मीच, म्हणणारा. त्या दिवशी गुडघ्यांवर बसून, श्वास पुरत नसताना, त्यांनी ओळखलं होतं की पुढच्या वेळी इथे दुसरा कुणी वाकेल, आणि त्याला मराठी येणार नाही. म्हणून ‘ताई’चं ‘दीदी’ केलं. आणि मी नारळ घेऊन येऊन काय बोलले? माझ्या गाडीत मरू नका.

राजेशनं काही फेकलं नाही. ती चौकट घेऊन मी तशीच सुमनवहिनींकडे गेले. त्यांनी बघितली आणि चष्मा काढून पुसला. “दर वर्षी मीच शिवायची. म्हणायचे, ताईंना बोलू नको, नाहीतर मास्क परत न्यायच्या.” मग चौकटीवर बोट फिरवत, “त्या दिवशीची आधीच शिवून ठेवली होती. शर्टाच्या आत घालून नेली. मी म्हटलं, तुम्हाला झेपायचं नाही. म्हणाले, ताईंना नारळपाण्याला पाठवतो.”

मी पिशवीतून खोका काढला. चक्कीवरचाच, वीस मास्कांचा. वहिनींनी न विचारता सहा काढले, कात्री घेतली. शिवणाचं मशीन सुरू झालं. दुसऱ्या मशीनची जागा रिकामी होती, तिथे आता शिवायच्या साड्यांची चळत आहे. खिडकीत दोरीवर ती स्पंजची जाळी अजून चिमट्याला लावलेली होती.

परत राजेशकडे जाऊन गाळणी मी स्वतः बसवली. राजेशला नुसतं बाजूला उभं केलं, कुठे हात घालायचा ते विचारून घेतलं. गुडघ्यांवर बसून, डोकं आत घालून. अवघड जागा आहे हो ती, धडधाकट माणसाला धाप लागते. पंखा सोडला. रिबनी उठल्या.

खण लावण्याआधी वहिनींनी दिलेला मार्कर काढला आणि चौकटीवर, हिंदी ओळीच्या खाली, तारीख घातली. पुढे लिहिलं, ‘पाहिलं’.

राजेश म्हणाला, “आंटी, हिंदी में लिख दो ना. अगली बार किसी को समझ तो आए.”

मी म्हटलं, “नको. परत उघडणार मीच आहे.”